विस्तवासाठी चिमूटभर कणीक

मंदाकाकू,

आज सकाळी पोळ्या केल्या. थोड्याच, माझ्यापुरत्या. कणीक मळून, तिंबून झाली आणि पहिला गोळा करायच्या आधी हाताने आपोआप चिमूटभर कणीक काढून बाजूला ठेवली. मग मी तुमच्यासारखीच त्या काळ्या काचेच्या शेगडीकडे बघत उभी राहिले. काचेवर एक लाल आकडा तेवढा दिसत होता. आकड्याला कुणी घास देतं का, असं तुम्ही म्हणायचात.

परवा तुमचं तेरावं झालं. येणारे येऊन गेले, भाड्याच्या खुर्च्या परत गेल्या. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी तुमच्याविषयी काहीतरी लिही, असं मला सांगितलंय. जन्म कुठला, लग्न कधी, या देशात कधी आलात, हे सगळं तुमच्या मुलाला, निखिलदादाला माहीत आहे. मला तुमच्या स्वयंपाकघरातलं माहीत आहे आणि आपण दोघी मिळून गेलो तो एक प्रवास. तुमच्याविषयी लिहायला बसले की वाक्य पुढे सरकत नाही. तुमच्याशी बोलायला लागले की सरकतं. म्हणून हे असं लिहितेय. चुकलं तर समजून घ्या.

मी क्लेटनच्या या घरात भाड्याने राहायला आले तेव्हा मला सगळ्याचीच भीती वाटायची. आई आजऱ्याला काजूच्या कारखान्यात, बाबा टेम्पोवर. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि चढले ती थेट शिष्यवृत्तीवर इथे येऊन पोचले. पहिल्या आठवड्यात मी तुम्हाला प्रत्येक गोष्ट विचारायची. गरम पाणी घेऊ का? खिडकी उघडू का? हीटर लावला तर चालेल का? एकदा तुम्ही लाटणं खाली ठेवलंत आणि म्हणालात, "सारिके, या घरात परवानगी लागते ती एकाच गोष्टीला. माझ्या खलबत्त्याला."

तो काळ्या दगडाचा खलबत्ता तुम्ही मिरजेहून हातातल्या पिशवीतून आणला होता. विमानतळावर तो क्ष-किरणांच्या यंत्रात घातल्यावर चार माणसं गोळा झाली होती, हे तुम्ही प्रत्येक पाहुण्याला सांगायचात.

मी काय शिकते, असं तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, भूशास्त्र. म्हणजे काय? मी म्हटलं, दगडांचा अभ्यास. तुम्ही हातातलं काम थांबवलंत. मग म्हणालात, आजऱ्यात दगड कमी पडले होते का गं? तेव्हा मी जरा जोरात येऊन तुम्हाला समजावलं होतं. आपला सह्याद्री म्हणजे थरावर थर साचलेला लाव्हा. पन्हाळा, जोतिबाचा डोंगर, देवळांचे खांब, घरोघरचे पाटे-वरवंटे, सगळा थंड झालेला लाव्हा. तुमचा खलबत्तासुद्धा.

तुम्ही खलबत्त्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे.

"म्हणजे जन्मभर मी आगीत मसाला कुटला म्हण की."

"आग नाही काकू. वितळलेला दगड."

"दगड आपला आपण वितळतो?"

"तापला की वितळतो."

"मग तापवला कुणी?"

तिथून जे भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत संपलं नाही. लाव्हा म्हणजे आग की दगड? मी परीक्षेत यावर पानं भरून लिहिलं असतं. तुमच्यापुढे मात्र दर वेळी त्याच शेवटच्या प्रश्नाशी येऊन गप्प बसायचे.

मग ती शेगडी आली. निखिलदादा सिडनीहून, क्वेकर्स हिलहून, खास सुट्टी काढून आला होता. तुमचा दमा वाढला होता आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं की बंद स्वयंपाकघरात गॅस जळतो तो छातीला बरा नाही. त्याने इंडक्शन बसवून घेतलं, तुम्हाला शिकवलं, कुठल्या भांड्याला चालतं ते लोहचुंबक लावून दाखवलं. तुम्ही त्याला एका शब्दाने काही बोलला नाहीत. उलट, छान आहे हो, पुसायला सोपं, म्हणालात. तो एअरपोर्टला गेला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यार्थ्यांच्या डब्यांसाठी कणीक मळून तुम्ही चिमूट काढलीत आणि तशाच उभ्या राहिलात. ती टाकायची कुठे?

मी तेव्हा पहिल्यांदा ते नीट बघितलं. त्याआधीही तुम्ही रोज पहिली चिमूट गॅसच्या जाळात टाकायचात, पण ते इतकं पटकन व्हायचं की माझं लक्षच गेलं नव्हतं. आमच्याकडे आजी चुलीत टाकायची. गॅस आल्यावर आईने ते सोडून दिलं. तुम्ही सोडलं नव्हतं. असं का करायचं, असं विचारल्यावर तुम्ही म्हणालात, "माझी आई सांगायची, जो आपल्यासाठी जळतो त्याच्या आधी आपण जेवायचं नाही."

त्यानंतर तुम्ही काय काय करून बघितलंत ते आठवलं की अजून हसू येतं. देवाच्या निरांजनात कणीक जाळायची नसते, म्हणून ते बाद. एकदा मागच्या अंगणात पत्र्याच्या डब्यात चार काटक्या पेटवल्यात. नेमका तो उन्हाळ्यातला, उघड्यावर काहीही पेटवायला बंदी असलेला दिवस. शेजारचा म्हातारा कुंपणावरून डोकावून अगदी नम्रपणे म्हणाला, "नॉट टुडे, मेट." तुम्ही घाईघाईने पाणी ओतलंत, त्याला नो वरीज, नो वरीज म्हणालात आणि संध्याकाळी त्याच्याकडे बेसनाचे लाडू पाठवलेत. मग कुणीतरी सांगितलं की इथल्या बागांमध्ये बार्बेक्यू असतात. आपण दोघी बसने गेलो. तिथे विजेवर तापणाऱ्या स्टीलच्या पत्र्यासमोर तुम्ही कमरेवर हात ठेवून उभ्या होतात आणि मी बटण दाबून दाखवत होते. तुम्ही म्हणालात, हे आपल्या घरातलंच बाहेर आणून ठेवलंय की.

शेवटी चिमूट खिडकीच्या कठड्यावर जायला लागली. काळा-पांढरा मॅगपाय पक्षी यायचा आणि उचलून न्यायचा. तुम्ही म्हणायचात, हा पोचवत असेल कुठेतरी. पण तुमचं समाधान व्हायचं नाही, हे मला कळायचं. एवढा मोठा देश, त्यात विस्तव म्हणून दिसत नाही कुठे, असं पुटपुटत तुम्ही पोळ्या लाटायचात.

एका दुपारी मी अभ्यासासाठी लाव्हाचे व्हिडिओ बघत होते. तुम्ही मागून आलात. तुमच्या हाताला पीठ होतं.

"हे कुठं आहे?"

मी सांगितलं, वानुआतूला. इथून विमानाने जवळ आहे, एका बेटावरचा ज्वालामुखी. वर्षानुवर्षं धुमसतोय. लोक बघायला जातात. तुम्ही तो व्हिडिओ परत लावायला सांगितलात. मग परत. मला वाटलं, तुम्हाला गंमत वाटतेय.

रात्री जेवताना तुम्ही निखिलदादाला फोन लावलात. फोन स्पीकरवर होता, म्हणून मला ऐकावं लागलं. तो म्हणाला, "आई, तुला गॅसचा धूर सोसत नाही म्हणून मी शेगडी बदलली. आणि तू ज्वालामुखी बघायला निघालीस?" तुम्ही शांतपणे म्हणालात, "मग तोही बदलून दे." तो हसला आणि तिथेच हरला. पण लगेच कबूल केलं नाही. बरेच दिवस तुमची बोलणी चालली. डॉक्टर मध्ये पडले. वाऱ्याच्या वरच्या अंगाला थांबायचं, मास्क लावायचा, दम्याचा पंप हाताशी ठेवायचा, छाती आवळली की तिथूनच मागे फिरायचं, एवढं कबूल केलंत तर जा, असं ते म्हणाले. तुम्ही सगळं कबूल केलंत. कबूल करायला तुम्ही नेहमीच तयार असायचात.

मग निखिलदादाने मला वेगळा फोन केला. म्हणाला, "सारिका, ती मागे फिरणार नाही. फिरवायचं काम तुझं. मी तुझ्यावर सोडतोय."

मी हो म्हटलं, पण मला झोप लागली नाही. तुम्हाला त्या विस्तवापर्यंत न्यायचं होतं आणि तिथून श्वास शाबूत ठेवून परतही आणायचं होतं. यातलं एकच जमेल असं वाटत होतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, आग बघायला जातात होय माणसं? आमच्याकडे आग लागली की पळतात.

निघायच्या आदल्या दिवशी मी तुमच्या बॅगेतून गव्हाच्या पिठाची पिशवी बाहेर काढली. खाण्याचं काही नेता येणार नाही, असं बजावलं होतं तरी ती होतीच. तुम्ही रुसलात. बेटावर पोचल्यावर दुकानात फक्त मैदा मिळाला. तो हातात घेऊन तुम्ही तोंड वाकडं केलंत, अग्नीला मैदा घालायचा म्हणजे काहीतरीच. मग स्वतःच म्हणालात, त्याला पचेल गं, आपल्यालाच पचत नाही.

ज्या घरात आपण उतरलो होतो तिथल्या कपात तुम्ही तो मैदा भिजवलात. त्याचा एवढासा गोळा केळीच्या पानात गुंडाळून पदरात बांधलात. प्रवासात तुम्ही पँट आणि जाकीट घालायचात, पण त्या दिवशी जाकिटाखाली नऊवारी नाही तरी पाचवारी होती. डोंगर चढायला साडी नको, असं मी म्हटलं. तुम्ही म्हणालात, कुणाच्या दारात जायचं तर नीट नेसून जावं.

आपल्याला घेऊन जाणारा जोसेफ त्याच बेटावरचा, चाळिशीचा, हळू बोलणारा. गाडी राखेच्या काळ्या मैदानातून गेली तेव्हा तुम्ही काच खाली करू देत नव्हता, मास्क आधीच लावला होता. मी तुमच्याकडे चोरून बघत होते. तुम्ही ठरलेले नियम पाळताय हे बघून मला जास्तच काळजी वाटायला लागली.

पायथ्याशी एक फलक होता. त्या दिवशी ज्वालामुखी किती जोरात आहे आणि कुठपर्यंत जायला परवानगी आहे, ते त्यावर दाखवलेलं होतं. जोसेफने तो आधी वाचला, मग वरच्या माणसाशी बोलून घेतलं. मग आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलं. हेल्मेट काढायचं नाही. त्याच्या पुढे जायचं नाही. आणि वरून दगड उडाला तर पाठ फिरवून पळायचं नाही. जागेवर उभं राहायचं, वर बघायचं, तो कुठे येतोय ते बघायचं आणि बाजूला व्हायचं. मी तुम्हाला मराठीत सांगायला लागले तर तुम्ही म्हणालात, कळलं मला, वीस वर्षं काय कांगारूंशी बोलते का मी.

मग त्याने विचारलं, कुणाला दमा आहे का?

तुम्ही समोर बघत राहिलात, एकदम निरागस चेहऱ्याने. मी म्हटलं, यांना आहे. तुमची ती नजर मी विसरणार नाही. गाडीपाशी येऊन तुम्ही मला म्हणालात, "तोंडाला मास्क आहे ना तुझ्या? मग आतल्या आत राहिलं असतं की." पुढे कितीतरी दिवस तुम्ही हे सगळ्यांना हसत सांगायचात, हिनं मला पोलिसात दिलं म्हणून. पण त्या क्षणी तुम्ही खरंच चिडला होता. कारण जोसेफ म्हणाला होता की मग तुम्हाला अगदी काठापर्यंत नेता येणार नाही. अलीकडे एक जागा आहे, वारा पाठीमागून येतो, तिथून दिसेल. वारा फिरला तर खाली उतरायचं. मान्य असेल तर चला.

तुम्ही मान्य केलंत. या वेळी खरंच केलंत, असं मला वाटलं.

वाट फार लांब नव्हती, पण आपण दर थोड्या वेळाने थांबत गेलो. पायाखालची राख सरकायची. ऊन कललं होतं. पहिला आवाज आला तेव्हा मी तुमचा दंड घट्ट धरला. मी एवढं शिकलेली, स्फोट कशाने होतो ते मला माहीत, आणि दंड धरून थांबले ती मीच. तुम्ही म्हणालात, अगं कुकरची शिट्टी ती. चल.

आणि मग ते दिसलं. समोरच्या काठाच्या आतून एक लाल उजेड वर आला, थोडा थांबला, आणि त्यातून ठिणग्या नव्हेत, मोठमोठे पेटते तुकडे वर उडाले आणि सावकाश परत आत पडले. इतर व्हिडिओंतल्यासारखी वाहती नदी नव्हती. मी आधीच सांगितलं होतं की इथे लाव्हा वाहत नाही, उडतो. तरी तुम्ही क्षणभर शोधत होता. मग तुमचा चेहरा खुलला.

"फोडणी आहे गं ही. मोहरी तडतडतेय."

मी आजपर्यंत त्या प्रकारच्या उद्रेकाचं याच्याहून चांगलं वर्णन वाचलेलं नाही, काकू. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्ही मला रोज ऐकवलं असतं.

आपण उभ्या होतो. जमीन पायाखाली हलकी थरथरायची. अंधार व्हायच्या आधीचा तो निळा उजेड होता आणि समोर लाल. मी दर मिनिटाला तुमच्या छातीकडे बघत होते. तुमचा श्वास घरात असतो तसाच चालला होता. तुम्ही पदराची गाठ सोडलीत, केळीचं पान उघडलंत आणि गोळा हातात घेतलात.

जोसेफने ते बघितलं. तो जवळ आला आणि विचारलं, हे काय? तुम्ही तुमच्या इंग्रजीत सांगितलंत की हे फूड आहे, फॉर द फायर, फर्स्ट फूड, आमच्याकडे आधी त्याला देतात. तुमच्या हाताने तो काठापर्यंतही पोचला नसता. पण तुम्ही विचारलंत. टाकू का, असं विचारलंत.

त्याने काठाकडे बघितलं. मग म्हणाला, नाही. आम्ही यात काही टाकत नाही. हे म्हाताऱ्याचं घर आहे, या डोंगराला आम्ही म्हातारा म्हणतो. आपण बघायला आलोय.

एवढ्या लांब येऊन, दादाशी भांडून, माझ्याशी रुसून, आणि आता हा नाही म्हणतोय. मी त्याला काहीतरी समजावायला तोंड उघडलं, की आमची श्रद्धा आहे, एवढीशी कणीक आहे. तुम्ही माझ्या हातावर हात ठेवलात.

"खरं सांगतोय तो. दुसऱ्याच्या चुलीत न विचारता आपण लाकूड तरी सारतो का?"

आणि त्याच्याकडे वळून मान हलवून म्हणालात, "यू आर राइट, मेट. हिज हाउस." गोळा परत पानात गेला, पान परत पदरात. तुमच्या चेहऱ्यावर मी दुःख शोधत होते, ते मला सापडलं नाही. तुम्ही हात जोडलेत आणि समोर बघत राहिलात.

थोड्या वेळाने तुम्ही मला विचारलंत, "सारिके, हे कधी विझतं का गं?"

मी सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात मोठा आवाज झाला, सगळ्यांनी वर बघितलं, तुम्हीही वर बघितलंत, जागच्या हलला नाहीत. तुकडे परत आत पडले. मग जोसेफ म्हणाला, वारा फिरतोय, उतरू या. मी तुम्हाला मागे फिरवायची तयारी करून आले होते. तुम्ही माझ्या आधी वळलात. माझं उत्तर तिथेच राहिलं.

खाली जोसेफचं घर वाटेवरच होतं. तो म्हणाला, चहा घ्या. घराच्या मागे एका छपराखाली त्याची आई जमिनीवर बसून स्वयंपाक करत होती. तापलेले काळे दगड, त्यांवर पानात गुंडाळलेला कंद, बाजूला खरा विस्तव. लाकडांचा. तुम्ही दारातच थांबलात. जोसेफने आईला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं, बहुतेक वर काय झालं ते. ती हसली, तिने आपल्या शेजारची जमीन हाताने थोपटली.

तुम्ही मास्क काढून तिच्याशेजारी मांडी घालून बसलात. या वेळी विचारावं लागलं नाही. केळीचं पान उघडलंत, गोळा विस्तवात ठेवलात. टाकला नाहीत, ठेवलात. त्या आजीने तुमच्याकडे बघितलं, आपल्यासमोरच्या कंदाचा एक तुकडा मोडला आणि तोही त्याच्या शेजारी ठेवला. दोन्ही करपायला लागले.

आणि मग तुम्हाला खोकला आला. ज्वालामुखीने काही केलं नाही आणि त्या एवढ्याशा चुलीच्या धुराने तुमचा जीव घुसमटवला. मी पंप घेऊन धावले, तुम्हाला बाहेर आणलं. श्वास परत बसेपर्यंत मी तुमची पाठ चोळत होते. तुमच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तुम्ही हसत होता.

"आईची चूल अशीच होती. रडवायची."

निखिलदादाला त्या रात्री फोनवर तुम्ही सांगितलंत, ज्वालामुखी चांगला आहे स्वभावाने. चुलीचं सांगितलं नाहीत. मी सांगितलं. तुमच्या समोरच, फोन हातात घेऊन. तो म्हणाला, बरी आहे ना? मग झालं.

हे सगळं मी का लिहितेय, तर तुम्हाला हिवाळ्यात न्यूमोनिया झाला तेव्हा माझ्या डोक्यात पहिला तोच धूर आला. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं. त्यांनी शांतपणे समजावलं की त्याचा याच्याशी काही संबंध नाही, मध्ये महिने गेलेत, हा संसर्ग वेगळा आहे. मी मान डोलावली. तरी रोज एकदा मनात यायचं. तुम्हाला ते कळलं असणार, कारण एकदा ऑक्सिजनची नळी जरा बाजूला करून तुम्ही मला जवळ बोलावलंत. मला वाटलं काहीतरी मोठं सांगाल. तुम्ही म्हणालात, "पळायचं नाही. वर बघायचं." आणि छताकडे बोट दाखवलंत. छताला ट्यूबलाइट होती. आपण दोघी हसलो आणि नर्सने तुम्हाला रागावून नळी परत लावली. आभार मानायचे असतील तर ती वेळ होती. मी मानले नाहीत. तुमचे पाय चेपत बसले. तुम्ही म्हणायचात, पाय चेपणारीला थँक्यू म्हणून हात जोडता येत नाहीत, तिचे हात अडकलेले असतात. तसंच समजा.

स्मशानातल्या त्या गालिचा घातलेल्या हॉलमध्ये मी मागे उभी होते. घरून निघताना मी कणीक भिजवली होती. या वेळी गव्हाची. चिमूटभर, टिशूत गुंडाळून खिशात. हे करावं की नाही, मला कळत नव्हतं. मी घरची नाही, तुमच्या जातीची नाही, तुमच्याकडे भाड्याने राहणारी मुलगी. तुमची चूल आता निखिलदादाची होती. मग तुमचंच वाक्य आठवलं आणि मी त्याच्यापाशी जाऊन विचारलं. टिशू उघडून दाखवला. मी त्याला सगळं सांगणार होते, जोसेफचं, त्या आजीचं. काहीच सांगावं लागलं नाही. त्याने चिमटीत कणीक धरली आणि मोडली.

"अर्धी तू दे," तो म्हणाला.

त्याने तुमच्या उजव्या तळहातावर ठेवली, मी डाव्या. मग आम्हाला आतल्या खोलीत नेलं. बटण त्याने दाबलं. एका लहान काचेतून जाळ दिसला, खरा, पिवळा. मी पाठ फिरवली नाही.

निखिलदादा काल परत गेला. कोर्स संपेपर्यंत मी इथेच राहावं, असं त्याने सांगितलं. दार लावताना खलबत्त्याकडे बघून म्हणाला, हा पुढच्या वेळी नेईन, तोवर वापर. परवानगी मिळाली, काकू.

आपलं भांडण मात्र मी सोडलेलं नाही. लाव्हा म्हणजे आग नाही, यावर मी अजून ठाम आहे. दगड तापवला कुणी, याचं तुम्हाला पटेल असं उत्तर अजून माझ्याकडे नाही, तेही कबूल. पण तिथे वर उभं राहून तुम्ही जे विचारलंत, त्याचं उत्तर राहिलंय, ते देते.

विझतं, काकू. सगळं एकदम नाही, वरून आत, हळूहळू विझत जातं. मग त्याचा काळा दगड होतो. त्यावर गवत येतं, डोंगर होतो, लोक राहायला येतात. मग कुणीतरी त्यातला एक तुकडा घडवून घरी नेतं.

आज मी त्यात शेंगदाणे कुटले. थोडे भरडच राहिले.